तू उचललेला चेंडू

मारोती, दोन आठवडे झाले, लोक तुझ्याबद्दल खोटं बोलताहेत आणि मी मान डोलावते आहे. नागपूरच्या पेपरात तुझा कोट घातलेला फोटो आला. खाली 'गोल्फपटू मारोतराव'. आपल्या घरात तुला मारोतराव कोणी म्हटलं असतं तर तू मागे वळून पाहिलं असतंस, कोण आलं म्हणून. मजकूर असा की तू शेवटच्या श्वासापर्यंत खेळाडू होतास, माघार हा शब्द तुला ठाऊक नव्हता. तेरवीला आलेल्या माणसांनी तेच घोळवून घोळवून म्हटलं. बाबा खाटेवर उशीला टेकून ऐकत होते. "पुढच्या टूरले जिंकलाच असता तो," कोणीतरी म्हणालं, आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. मी चहा आणायला आत गेले.

कारण खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. मलायातल्या पिनांगच्या मैदानावर, खड्डा जेमतेम दोन हातांवर असताना, तू वाकून चेंडू उचललास, खिशात घातलास आणि खेळ सोडलास. हरला नाहीस. सोडलास. पुन्हा कधी बोटीत पाय ठेवणार नाही असं ठरवून घरी आलास, आणि हे बाबांना सांगायचं कसं, या एका गोष्टीत तुझा सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला. आज सांगतो ताई. उद्या सांगतो ताई. मग मुदतीचा ताप आला आणि तू सांगायचं माझ्यावर टाकून निघून गेलास. मला याबद्दल तुझ्याशी भांडायचं आहे. तेरवी झाली म्हणून भांडण संपलं असं समजू नकोस.

आपल्या सिंदीत गोल्फ कुठून आला, हे परक्या माणसाला सांगताना मला अजून हसू येतं. कापसाच्या कंपनीचे गोरे साहेब रुळांपलीकडच्या बरडात खेळायचे. बरडच ते, होळीनंतर तिथे शेळीलासुद्धा तोंड घालायला गवत नसतं. म्हणून साहेबांनी प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचं गोल रिंगण करून घेतलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वाळूत जळकं तेल कालवलं. एक टोळी खेळून गेली की पावलांच्या खुणा मोडायला त्या वाळूवरून तरटाचं पोतं ओढायचं, हे बाबांचं काम. साहेब विलायतेला गेले, मैदान आपल्याच शेठ लोकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या क्लबाकडे आलं, पोतं बाबांकडेच राहिलं. त्यांना लकवा झाला तोपर्यंत. तू त्याच वाळूवर शिकलास. मी आत स्वयंपाक करत असायचे आणि बाहेर बाबांचा आवाज यायचा, "ढकल नं बे! वाळू हाय ते, दूध नाई!"

त्या वाळूवर चेंडू ढकलावाच लागतो. जोर लावला तर जातो, आणि जातो तो नाकासमोर. तू असा ढकलायला लागलास की कामठीच्या छावणीतले साहेब तुला बोलावून नेऊ लागले. तिथून तू कलकत्त्याला गेलास, तिथल्या क्लबात शिकवायला लागलास, आणि कोण्या हौशी गिरणीमालकानं तुला मलायाच्या बोटीत बसवून दिलं. हे सगळं पेपरात आलं आहे, मी कशाला सांगू. पेपरात नाही ती गंमत अशी की पहिल्या दिवशी, पहिल्याच खड्ड्यावर, चेंडू आत टाकून झाल्यावर तू इकडेतिकडे बघत राहिलास. सोबतच्या गोऱ्या खेळाडूनं विचारलं, काय हरवलं? तू पोतं शोधत होतास. पायाखाली हिरवंगार गवत, त्यावर कसली खूण उमटते आणि कसली मोडायची! पण खड्डा झाला की मागचं सारखं करून निघायचं, हे तुझ्या अंगात मुरलेलं. परत आल्यावर तू हे सांगितलंस तेव्हा बाबा हसता हसता खोकायला लागले. "सांगतास नं बे! पोतं बांधून देल्लं असतं संगं!" ते म्हणाले. तेव्हा ते हिंडते-फिरते होते. आपल्या घरात इतकं हसणं पुन्हा झालं नाही.

गवताचं मात्र तू तेव्हा हसण्यावारी नेलंस. तिथे चेंडू ढकलायचा नसतो, नुसता सोडायचा असतो, असं म्हणायचास. चार-पाच महिने तिकडे सोडायचास आणि घरी आलास की बाबांच्या डोळ्यादेखत वाळूवर ढकलायचास. मी तुला म्हटलंही होतं, हातांना तू दोन सासरं करून दिलीस, एका घरी जे चालतं त्यावर दुसऱ्या घरी बोलणी बसतात. तू म्हणालास, "ताई, तू मास्तरीण झाली तशी लयच उपमा देतेस." 

गावाचं तर विचारूच नको. दुसऱ्या टूरहून आलास तेव्हा स्टेशनापासून बँड लावून तुला आणलं. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाड्या लागलेल्या, त्या बाजूला करून वाट काढली. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की मारोतीनं एक फटका मारून दाखवावा. तू म्हणालास, मैदानावर चला. ते म्हणाले, इथूनच, सगळ्यांसमोर! तू मारलास. चेंडू असा गेला की लोकांनी टोप्या सावरल्या. आणि पडला तो ऐन वेचणीच्या वावरात. पांढऱ्या कापसात पांढरा चेंडू! अर्धं गाव वाकून शोधत होतं आणि वावरवाली बाई कपाळाला हात लावून ओरडत होती, "माहा कापूस तुडवून राह्यले हे मेले!" चेंडू शेवटी जिनात निघाला, सरकीसोबत, आणि त्यानं एक यंत्र सकाळभर बंद पाडलं. त्या दिवशी तूही हसलास. पण घरी आल्यावर बूट काढताना म्हणालास, "आता हे लोक मले थांबू देत नाईत ताई." मला वाटलं, मानाचं ओझं होतं आहे, होऊ दे.

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायची, तू सुटलास. मी लग्नाच्या वर्षातच कुंकू पुसून या घरात परत आले, बाबांनी शिकवलं म्हणून शाळेत लागले, आणि आता त्यांना लकवा झाल्यावर या तीन खोल्या, ती खाट, शाळेची घंटा, एवढंच माझं जग. वर्ध्याच्या मुलींच्या शाळेतून मला बोलावणं होतं. मोठ्या बाईंची जागा, राहायला घर. बाबांना कोण बघेल म्हणून मी नाही म्हटलं, आणि बाबांना त्यातलं काही कळू दिलं नाही. तुला सांगितलं होतं फक्त. म्हणून मी तुझ्यावर तोंडसुख घ्यायची. "तू जगभर हिंडून राह्यला, अन् मी घरात खुंट्याले बांधल्यासारखी." 

तू सहसा ऐकून घ्यायचास. एकदाच उलटून बोललास. अंगणात दाढी करत होतास, अर्धी झाली होती. "हिंडून राह्यलो? ताई, मी पाह्यलं काय सांगू? बोटीचा खालचा मजला. एक खोली, एक खिडकी, खिडकीत भिंत. सकाळी मैदान, संध्याकाळी पुन्हा ती खोली. क्लबात पुढच्या दारानं जाता येत नाई, आमी पोटासाठी खेळनारे, आमचे बूट मांगच्या शेडात काढाचे. आठ-आठ रोज मराठी बोलाले कोनी नाई. मी आरशासमोर उभा राहून बोलतो. तुले बोलतो, बाबाले बोलतो. बाजूच्या खोलीतला मानूस भिंत ठोकते, चूप राय म्हनून." आणि मग साबण वाळायला लागला म्हणून पुन्हा आरशाकडे वळलास. मला वाईट वाटलं, पण मी तसं म्हटलं नाही. दोन कैद्यांनी आपापली कोठडी मोठी की त्याची, असं मोजत बसावं तसं आपलं चाललं होतं.

मग तुझे हात अडकले. 

हे समजायला मलाच किती दिवस लागले. तू मनिलाच्या टूरहून आलास तो गप्प गप्प. विचारलं तर, "काही नाई, जागरन झालं." एका रविवारी मी अंगण सारवत होते आणि तू म्हणालास, मधे एक वाटी पुर, तोंड जमिनीशी सारखं. मी पुरली. तू ती छोटी काठी घेतलीस, जवळचा चेंडू खड्ड्यात टाकायची, आणि वाटीपासून दोन हातांवर उभा राहिलास. राहिलास. मी शेणाचे हात घेऊन बघत होते. काठी मागे गेली आणि पुढे येईना. तुझ्या मनगटाच्या शिरा वर आल्या, कपाळावर घाम, आणि काठी तिथेच. मग एकदम हिसका बसला आणि चेंडू तुळशीपाशी जाऊन थांबला. 

"पाह्यलं?" तू म्हणालास.

मी वाटी काढून टाकली. "आता मार." तू मारलास. लोण्यासारखा गेला चेंडू. भिंतीला मारलास, चिंचोक्याला मारलास, माझ्या पायाच्या अंगठ्याला नेम धरून मारलास, सगळे बरोबर. वाटी पुन्हा पुरली की हात दगड. जिथे आत टाकायचा खड्डा असेल तिथेच ते होत होतं. दूरचा चेंडू तू डोळे झाकून मारायचास, जवळचा तुझ्या हातून सुटत नव्हता. हातांना आता कळत नव्हतं, ढकलायचं की सोडायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी हात दाबून, वाकवून पाहिले आणि ताकदीचं औषध दिलं. मी शिकलेली बाई, पण मीही मीठ-मिरच्या घेऊन तुझी नजर काढली. तू मुकाट बसून घेतलंस यावरून तू किती घाबरला होतास ते मला कळलं.

बाबांना यातलं काही सांगायचं नाही, हे तूच ठरवलंस. वाटी मी उकरून आणली आणि घासून फळीवर ठेवली.

मी तुला म्हटलं, आता जाऊ नकोस. कलकत्त्याला कळव, तब्येत बरी नाही. तू हो म्हणालास. तितक्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. लकव्यानं त्यांची जीभ जड झाली होती, पण तेवढं ते स्पष्ट बोलायचे. "मारोत्या, बोट कधी हाय?" तू माझ्याकडे पाहिलंस. "आयकलं नं?" हलकेच म्हणालास. "ते खाटीवर पडून बोटीचीच वाट पाहून राह्यले. त्यांच्या हातातलं पोतं सुटलं, आता माह्यातच त्यांचा जीव हाय. मी कसा नाई जाऊ?" आणि आत जाऊन सांगितलंस, "पौष लागला का निघतो, बाबा." बाबांनी "बरं" म्हटलं. मी तुझ्या कोटाची बटणं लावून दिली. शिवता शिवता सुई बोटात गेली ती गेलीच, तुला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिनांगचं तू मला बरडात सांगितलंस. परत येऊन दोन दिवस झाले होते. शाळा सुटायला तू दारात उभा. "चाल नं ताई, मैदानात जाऊ." बोरीच्या काट्यांचं कुंपण ओलांडून आपण आत गेलो. नव्या माळ्यानं वाळू नीट ठेवली नव्हती, तिच्यात कुत्र्यांची पावलं उमटली होती. तू बाभळीखाली बसलास आणि सांगायला लागलास, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

तीन दिवस तू दुरूनच असे फटके मारलेस की जवळ येऊन ढकलायला फारसं उरलंच नाही. चौथ्या दिवशी तू पुढे होतास. गर्दी तुझ्यामागून चालत होती. आणि मग चेंडू खड्ड्यापासून दोन हातांवर थांबला. तू उभा राहिलास. काठी मागे गेली. 

"किती वेळ उभा होतो मले नाई मालूम. लोक चूप. एक पोरगी हसली, तिच्या मायनं तिले दाबलं. अन् मले सिंदी आठवली. इथं आमी खेळतो, तं चेंडू इतका जवळ आला का समोरचा म्हनते, उचल रे, देल्ला तुले, आत गेला समज. होय का नाई? बाबा बी म्हनत. तिथं कोनी उचल म्हनत नाई ताई. तिथं शेवटपरेंत आपुनच टाकाव लागते. मी वाट पाहत होतो. कोनीतरी म्हना, बाप्पा. कोनीच नाई म्हटलं. तं मीच म्हटलं."

"अन् उचलला?"

"उचलला."

"काऊन?" मी ओरडलेच. बाभळीवरचे राघू उडाले. "इतकं पुढं होता, दोन हात राह्यला होता! हिसका तं हिसका, मारून पाहाचा! हातानं उचलला का खेळ बाद, मले सुद्धा मालूम हाय. चार रोजाचं पान्यात घातलं तू!"

तू रागावला नाहीस. दोन्ही हात पुढे केलेस, तळवे वर. "चेंडू मारासाठी नाई हलले हे," तू म्हणालास. "उचलासाठी बरोब्बर हलले. काईच त्रास नाई. वाकलो, उचलला, खिशात घातला. अन् मले असं वाटलं, का किती सालानंतर हे हात माहे झाले."

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. मी तुला भित्रा म्हटलं. तू म्हणालास, असेन. मी म्हटलं, एकदा मारून चुकला असतास तर लोक हळहळले असते, आता म्हणतील पळाला. तू म्हणालास, "म्हनू दे. मी आता जात नाई. इथंच राहीन, पोट्ट्याइले शिकवीन, नाई तं जिनात लागीन. बाबाले सांगतो अन् मोकळा होतो." तुझा चेहरा इतका हलका झाला होता की मी भांडण तिथेच सोडलं. आपण शेव-चिवडा घेऊन घरी आलो. दार उघडताच आतून आवाज आला, "आला का? पुढची बोट कधी हाय रे?"

तू उंबरठ्यावर थांबलास. मी तुला पाठीमागून बोटानं टोचलं, सांग. तू म्हणालास, "अजून बातमी नाई आली बाबा."

त्यानंतर काय काय बोटी बुडवल्यास तू! एक दुरुस्तीला गेली. एकीचा कप्तान आजारी पडला. मलायात पाऊस लागला. टूर पुढे ढकलली. बाबांनी रोज विचारायचं आणि तू रोज नवीन थाप मारायची. आणि थाप खरी वाटावी म्हणून सकाळी काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून मैदानात जायचास. शाळेच्या वाटेवरून दिसायचास मला. बाभळीखाली पिशवीला टेकून बसलेला, उन्हं वर येईपर्यंत. परत येताना बूट मुद्दाम वाळूत घासायचास. बाबा बूट बघतात, हे तुला ठाऊक होतं. खेळ सोडलास तू पिनांगला, पण घरात त्याच्या दुप्पट खेळावा लागत होता तुला. गावातही तेच. न्हाव्याकडे, पानठेल्यावर, सगळीकडे, "काय मारोती, कधी जाऊन राह्यले?" तू बाजारात जाणं सोडलंस.

किती वेळा म्हटलं मी, आज मी सांगते. तू माझी वाट अडवायचास. "तुले माही शपथ ताई. बापाचं सपन हाय ते. खाटीवर पडलेल्या मानसाचं सपन मोडून मले सुटाचं नाई." मी म्हणायची, मग राहा असाच. तू हसायचास. "तू नाई राह्यली का? वर्ध्याचं सांगितलं तू त्याईले?" आपण दोघं चुलीपाशी बसून पुटपुटत भांडायचो आणि बाबांची खाट करकरली की मी मुद्दाम भांडी वाजवायची.

ताप आला तेव्हा पहिले आठ दिवस तू बाबांना सांगितलंस, थकवा आहे. वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी दारात लागली तेव्हा बाबांनी विचारलं, कुठे निघाला? तू माझ्या खांद्यावर रेललेला, ओठ फुटलेले, आणि तरी म्हणालास, "बोटीचं इचाराले जातो बाबा." मला तुझ्या मुस्काटात मारावंसं वाटलं होतं, मारोती. इतकं प्रेम आलं होतं की मारावंसं वाटलं.

काल दुपारी मी शपथ मोडली. आता शपथ कोणाची आणि कशाला. बाबांना भात भरवत होते. ते म्हणाले, "त्याच्या काठ्याइले तेल लावून ठेव. पुढच्या टूरले जाचं होतं लेकराले." मी हातातला घास ताटात ठेवला. मी सगळं सांगितलं. हात, वाटी, पिनांग, खिशातला चेंडू, बाभूळ. बाबा आढ्याकडे बघत होते. मध्ये एकदा विचारलं, "मंग रोज सकाळी काय करे मैदानात?"

"बसून राहे."

"उन्हात?"

"बाभळीखाली."

मग त्यांनी चांगला हात खाटेच्या कडेवर आपटला. एकदा, दोनदा. "गधा," ते म्हणाले. "गधा, हरामखोर. मले इचारलं असतं तं!" मी म्हटलं, बाबा, तुम्हीच रोज विचारत होता नं, बोट कधी आहे म्हणून. त्यानं जावं म्हणूनच नं?

"जावं म्हनून?" बाबांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या वाकड्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ते बोलायची घाई करत होते. "शांते, अवं मी इचारत होतो, का अजून किती रोज घरी हाय. तो म्हने, बोट लांबली, तं मले भात गोड लागे. मी रोज मनात म्हनो, आज बी लांबू दे. मले तो इथंच पायजे होता. मी कायले पाठवतो त्याले?"

"मग नको जाऊ असं म्हणायचं होतं तुम्ही."

"मी खाटीवर पडेल मानूस. मी नको जाऊ म्हटलं असतं तं राह्यला असता तो, माह्यासाठी. जन्मभर माह्या खाटीपाशी. त्याले खेळाची किती हौस!"

मारोती, तू त्यांच्यासाठी जात होतास आणि ते तुझ्यासाठी जाऊ देत होते. एका भिंतीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं, आणि मधून मी चहा नेत होते. मला तुझा राग येतोय, त्यांचा येतोय, हसूसुद्धा येतंय, त्या सगळ्या बुडालेल्या बोटी आठवून. बाबांना एक एक बोट गोड लागत होती रे. तू थापा मारल्यास त्या दिवसांत ते दोन घास जास्त जेवायचे, ते मी पाहिलंही होतं, आणि मला वाटायचं औषध लागू पडलं. पिनांगला तू मोकळा झाला होतास. तेवढं तरी तुझ्या वाट्याला आलं, आणि ते तुझं तू मिळवलंस, कोणी दिलं नाही. तुला भित्रा म्हटलं तो शब्द मी परत घेत नाही, पण तू समोर असतास तर आज पुन्हा म्हटलाही नसता.

बाबा रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, कूस बदलून दिली. मला वाटलं, डोळा लागला. वर्ध्याच्या शाळेतल्या एक बाई तेरवीला आल्या होत्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जागा अजून भरलेली नाही, बाबांनाही घेऊन ये, तिथे घर मोठं आहे. पण बाबांना रुळांपलीकडचं ते बरड दिसलं नाही तर ते जगतील का, याचा विचार करत मी ताट उचललं. तेव्हा ते बोलले, भिंतीकडे तोंड करूनच. 

"अन् तू वं, शांते? तुले कुठी जाचं होतं का?"

"कुठीच नाई बाबा," मी म्हटलं.

चटकन म्हटलं रे. तोंडात तयारच होतं.